पाण्यातली भूक

[भंडारा जिल्हा हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. येथील तलावांत व शेतातील बोड्यांत मासे वाढवले जातात. माशांना काय, किती आणि केव्हा खाऊ घालावे, हा मासे पाळणाऱ्या प्रत्येक कुटुंबापुढचा प्रश्न असतो. जास्त खाऊ घातले म्हणजे मासा जास्त वाढतो का ? पाण्याच्या तापमानाचा माशाच्या भुकेशी व पचनाशी काय संबंध आहे ? प्रस्तुत पाठात अड्याळ परिसरातील एका बोडीची कल्पना करून ही माहिती सोप्या भाषेत दिली आहे.]

भंडाऱ्याहून पवनीकडे जाताना वाटेत अड्याळ हे मोठे गाव लागते. ते पवनी तालुक्यात आहे. पावसाळ्यात या भागात जिकडे नजर जाईल तिकडे धानाची हिरवी शेते दिसतात. शेतांच्या वरच्या अंगाला कोठे तलाव असतो, तर कोठे लहानशी बोडी असते. उताराच्या जमिनीवर मातीची पाळ घालून पावसाचे पाणी अडवले, की बोडी तयार होते.

या भागातील जुन्या तलावांना 'मालगुजारी तलाव' असे म्हणतात. गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्यांना जमिनी मिळत. कोहळी समाजातील लोक या कामात फार कुशल होते. जमिनीचा उतार नुसत्या नजरेने ओळखून त्यांनी शेकडो तलाव बांधले. पुढे हे तलाव मालगुजारांकडे आले. १९५१ साली मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. म्हणून आज त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' किंवा थोडक्यात 'मामा तलाव' म्हणतात. तलावाच्या पाण्यावर धान पिकतो आणि त्याच पाण्यात मासेही वाढतात. मासेमारी हा ढिवर समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आता एक कल्पना करा. तुमच्या अब्बांच्या शेतात सुमारे अर्ध्या एकराची एक बोडी आहे. शेजारच्या ढिवर काकांबरोबर भागीदारी करून अब्बांनी तिच्यात मासे सोडले आहेत. श्रावणात बोडी भरली, तेव्हा काकांनी कटला, रोहू आणि मृगळ या माशांची बोटुकली आणली. माशाचे पिल्लू बोटाएवढे झाले, की त्याला बोटुकली म्हणतात.

ही बोटुकली येते कोठून ? कटला, रोहू आणि मृगळ हे मुळात नदीतले मासे आहेत. ते पावसाळ्यात वाहत्या पाण्यात अंडी घालतात. तलावाच्या साचलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत. म्हणून पूर्वी त्यांची पिल्ले नदीतून गोळा करून आणावी लागत. त्यात नको असलेल्या माशांची पिल्लेही येत. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात एक महत्त्वाचा प्रयोग यशस्वी केला. त्यांनी माशाच्या मेंदूजवळील एका ग्रंथीचा अर्क माशांना टोचला आणि त्यांच्याकडून बंदिस्त पाण्यात अंडी मिळवली. त्यामुळे चांगले मत्स्यबीज हवे तेवढे तयार करता येऊ लागले. याची आठवण म्हणून १० जुलै हा दिवस आपल्या देशात 'राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन' म्हणून पाळला जातो.

आता आपल्या बोडीकडे वळू. अब्बांनी माशांसाठी भुईमुगाची ढेप उधारीवर आणली आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मासे विकायचे आणि दुकानदाराचे पैसे द्यायचे, असा बेत आहे. पावसाळा गेला. कार्तिक महिन्यापर्यंत मासे छान वाढले. टोपलीत ठेवलेले खाद्य दोन तासांत संपत असे. मग पौष महिना आला. रात्री कडाक्याची थंडी पडू लागली. एके दिवशी सकाळी अब्बांनी पाण्यातली टोपली वर काढली आणि ते चिंतेत पडले.

"दादा, काल टाकलेली ढेप तशीच आहे. मासे आजारी पडले की काय ?" अब्बांनी विचारले.

काकांनी पाण्यात हात घातला आणि ते म्हणाले, "आजारी नाहीत भाऊ. पाणी गार आहे. मासे खात नाहीत."

"पण खाल्ले नाही, तर वाढणार कसे ? उद्यापासून थोडी जास्त ढेप टाकू. कोणी कमी खाईल, कोणी जास्त खाईल."

"जास्त टाकली म्हणून भूक वाढत नाही, भाऊ. भूक पाणी देते."

काकांचे हे शेवटचे वाक्य नीट लक्षात ठेवा. या पाठाचा सारा अर्थ त्या वाक्यात आहे.

शरीराची ऊब

आपल्या शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते. बाहेर थंडी असो वा ऊन, ते फारसे बदलत नाही. बकरी, गाय, कोंबडी यांचेही तसेच आहे. शरीर उबदार ठेवण्यासाठी आपण खाल्लेल्या अन्नाचा मोठा भाग खर्च होतो. म्हणून थंडीत आपल्याला भूक जास्त लागते.

माशाचे मात्र उलट असते. त्याला स्वतःच्या शरीराची ऊब राखता येत नाही. पाणी जितके गरम किंवा थंड, तितकेच जवळजवळ त्याचे शरीर गरम किंवा थंड असते. शरीर गरम ठेवण्यासाठी मासा अन्न खर्च करत नाही. त्यामुळे खाल्लेल्या अन्नातून अधिक भाग त्याच्या वाढीला मिळतो, हा त्याचा फायदा. पण पाणी थंड झाले, की त्याच्या शरीरातील सगळी कामे मंद होतात, हा त्याचा तोटा.

हे समजण्यासाठी आपल्या स्वयंपाकघरात जाऊ. उन्हाळ्यात रात्री दुधाला विरजण लावले, तर सकाळी घट्ट दही तयार असते. हिवाळ्यात तेच दूध सकाळी पातळच राहते. खमिरी रोटीसाठी भिजवलेले पीठही थंडीत लवकर फुगत नाही. विरजण तेच, दूध तेच, पीठ तेच. कमी असते ती फक्त ऊब. माशाच्या आतड्यात अन्न पचवणारे रस असतात. त्यांचेही असेच आहे. पाणी उबदार असले, की ते जलद काम करतात. पाणी गार झाले, की त्यांचे काम मंदावते. आधी खाल्लेले अन्न आतड्यातून पुढे सरकत नाही. मग मासा नवा घास कशाला घेईल ?

कटला, रोहू व मृगळ यांच्या वाढीला सुमारे २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी उत्तम मानतात. अशा पाण्यात ते भरपूर खातात, अन्न नीट पचते आणि वजन झपाट्याने वाढते. पाणी २० अंशांच्या खाली गेले, की त्यांची भूक कमी होते. १५ अंशांच्या आसपास तर ते खाणे जवळजवळ थांबवतात आणि खोल पाण्यात शांत राहतात. दुसऱ्या टोकाला, पाणी ३५ अंशांच्या वर गेले, तरीही त्यांच्यावर ताण पडतो.

सर्वच माशांना एकच तापमान मानवत नाही. काश्मीरच्या थंड ओढ्यांत ट्राउट नावाचा मासा आढळतो. इंग्रजांच्या काळात, सुमारे १९०० साली, त्याची अंडी स्कॉटलंडहून तेथे आणली गेली. ज्या थंड पाण्यात आपला रोहू उपाशी बसेल, त्या पाण्यात ट्राउट आनंदाने वाढतो. तोच ट्राउट अड्याळच्या बोडीत सोडला, तर तो उन्हाळा पाहणार नाही. म्हणून मासा निवडतानाही आधी पाणी पाहावे लागते.

जसे तोंड, तसा घास

एकाच बोडीत तीन प्रकारचे मासे का सोडतात ? त्यांची तोंडे पाहा, म्हणजे उत्तर मिळेल.

कटल्याचे डोके मोठे आणि तोंड वरच्या बाजूला वळलेले असते. तो पाण्याच्या वरच्या थरात फिरतो आणि डोळ्यांना नीट न दिसणारे बारीक जीव गाळून खातो. पाण्यात तरंगणाऱ्या अशा सूक्ष्म वनस्पतींना व प्राण्यांना 'प्लवंग' म्हणतात. रोहूच्या ओठांना झालर असते. तो मधल्या थरात राहतो आणि शेवाळ, वनस्पतींचे बारीक तुकडे व प्लवंग खातो. मृगळाचे तोंड खालच्या बाजूला वळलेले असते. तो तळाजवळ राहून चिखलातील कुजलेले पदार्थ खातो. तिघांची ताटे वेगळी असल्यामुळे घासासाठी फारसे भांडण होत नाही. पुष्कळ लोक त्यांच्याबरोबर गवत्या नावाचा मासाही सोडतात. तो नावाप्रमाणे गवत व पाणवनस्पती खातो.

या माशांविषयी आणखी एक नवलाची गोष्ट आहे. कटला, रोहू, मृगळ यांना आपल्यासारखे जठर नसते. अन्न साठवून ठेवण्याची पिशवीच त्यांच्या पोटात नाही. तोंडातही दात नसतात. दात असतात ते घशात. तेथे अन्न दळले जाते आणि सरळ आतड्यात जाते. रोहूचे आतडे त्याच्या शरीराच्या लांबीच्या कितीतरी पट लांब असते व ते पोटात गुंडाळलेले असते. वनस्पतींचे अन्न पचायला वेळ लागतो, म्हणून अशा माशांना लांब आतडे उपयोगी पडते. आपल्या तलावांत मरळ हा मासाही असतो. तो लहान मासे, बेडूक व किडे खातो. त्याला जठर असते आणि त्याचे आतडे आखूड असते, कारण मांस लवकर पचते.

यावरून खाऊ घालण्याचा एक नियम मिळतो. ज्याच्या पोटात साठवणुकीची पिशवी नाही, त्याला एकदम ढीगभर अन्न देऊन उपयोग नाही. दिवसाचे खाद्य दोन वेळा विभागून दिले, तर ते वाया जात नाही.

ढेप आणि कोंडा

बोडीतील माशांचे पहिले अन्न म्हणजे प्लवंग. ते विकत आणावे लागत नाही. पाण्यात योग्य प्रमाणात शेणखत घातले आणि ऊन मिळाले, की ते आपोआप वाढते. काका ते एका साध्या युक्तीने ओळखतात. ते कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवतात. तळहात स्पष्ट दिसला, तर प्लवंग कमी आहे. कोपर बुडताना तळहात दिसेनासा झाला, तर ते पुरेसे आहे. हात थोडा बुडताच तळहात दिसेनासा झाला आणि पाणी गर्द हिरवे असले, तर शेणखत ताबडतोब थांबवावे.

प्लवंगाला जोड म्हणून ढेप व धानाचा कोंडा समप्रमाणात मिसळून देतात. भुईमुगाच्या ढेपेत सुमारे ४० टक्के प्रथिने असतात. प्रथिनांमुळे माशाचे मांस वाढते. कोंड्यात प्रथिने कमी असतात, पण शक्ती देणारे पदार्थ असतात. शिवाय धानाच्या जिल्ह्यात कोंडा सहज मिळतो. ढेप रात्री भिजत घालावी, सकाळी तिच्यात कोंडा मिसळून गोळे करावेत आणि ते टोपलीत ठेवून टोपली पाण्यात सोडावी. दोन तासांनी टोपली वर काढून पाहावी. टोपली रिकामी असेल तर माशांना भूक आहे. खाद्य उरले असेल, तर दुसऱ्या दिवशी कमी द्यावे. बुरशी लागलेली ढेप मात्र कधीही देऊ नये. ती स्वस्त मिळाली, तरी माशांना अपाय करते.

आता किती द्यायचे, याचा हिशेब करू. काकांनी जाळे टाकून वीस मासे पकडले. त्यांचे एकूण वजन ४ किलो भरले. म्हणजे एका माशाचे सरासरी वजन २०० ग्रॅम झाले. बोडीत असे सुमारे १००० मासे आहेत. म्हणजे सर्व माशांचे वजन २०० किलो झाले. पाणी उबदार असताना एवढ्या आकाराच्या माशांना रोज त्यांच्या वजनाच्या सुमारे २ टक्के खाद्य देतात. २०० किलोचे २ टक्के म्हणजे ४ किलो.

पण पौषात पाणी गार आहे. अशा वेळी खाद्य निम्म्यावर, म्हणजे २ किलोवर आणावे. अगदी कडाक्याच्या थंडीत ते बंदच ठेवावे. शेणखतही कमी करावे. अब्बांनी ४५ दिवस रोज २ किलो जास्तीचे खाद्य टाकले असते, तर ९० किलो खाद्य वाया गेले असते. ते उधारीवर आणलेले होते. मासा वाढला नसता, पण कर्ज वाढले असते.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. न खाल्लेले खाद्य तळाशी कुजते. कुजताना ते पाण्यातील प्राणवायू वापरते आणि त्यातून अमोनिया नावाचा वायू तयार होतो. पाणी जसे तापते, तसा अमोनियाचा विषारीपणा वाढतो. म्हणजे पौषात टाकलेली फुकटची ढेप चैत्रात विष होऊन समोर येते.

थंडीत खाद्य देण्याची वेळही बदलावी. पहाटे पाणी सर्वांत गार असते. ऊन चढल्यावर वरचा थर थोडा तापतो. म्हणून हिवाळ्यात खाद्य सकाळी लवकर न देता दुपारी द्यावे.

उन्हाळ्यातील धोका

फाल्गुन येतो. पाणी पुन्हा २५ अंशांच्या वर जाते. मासे टोपलीभोवती गर्दी करू लागतात. हेच त्यांना पोटभर खाऊ घालण्याचे दिवस. महिनाभरात त्यांचे वजन चांगले वाढते. अब्बा खूश होतात.

मग चैत्र-वैशाखाचे ऊन तापू लागते. भंडारा जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या जवळ जातो. बोडीतले पाणी आटते आणि उथळ होते. उथळ पाणी लवकर तापते. अशा दिवसांत एके दिवशी आभाळ भरून येते. दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही बोडीवर जाता, तर काय दिसते ? सगळे मासे पाण्यावर आले आहेत आणि तोंडे उघडत-मिटत आहेत.

"अब्बा, मासे भुकेले आहेत. तोंडे उघडून खाऊ मागत आहेत," असे म्हणून तुम्ही ढेपेचे घमेले उचलता.

तेवढ्यात काका धावत येऊन तुमचा हात धरतात. "थांब बेटा ! ते खाऊ मागत नाहीत. श्वास मागत आहेत."

येथेच पुष्कळांची चूक होते आणि वर्षाची मेहनत हातची जाते. असे का होते, ते समजून घेऊ.

मासे पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतात. पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश तापमानाच्या एक लीटर पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३० अंशांच्या पाण्यात तो सुमारे साडेसात मिलिग्रॅमच मावतो. उलट गरम पाण्यात माशाच्या शरीराची कामे जलद होतात. पाण्याचे तापमान १० अंशांनी वाढले, तर त्याची प्राणवायूची गरज जवळजवळ दुप्पट होते. घरात कमाई घटली आणि खर्च दुप्पट झाला, तर जी ओढाताण होते, तीच उन्हाळ्यात माशांची होते.

दिवसा प्लवंगातील सूक्ष्म वनस्पती उन्हाच्या मदतीने पाण्यात प्राणवायू सोडतात. रात्री त्या स्वतःच प्राणवायू घेतात. त्यामुळे पहाटे पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. आदल्या दिवशी आभाळ असेल, तर दिवसाही तो पुरेसा तयार होत नाही. तळाशी खाद्य कुजत असेल, तर आणखी घटतो. मग मासे वरच्या थरात येऊन तोंडे उघडझाप करतात. मरळाची गोष्ट वेगळी. तो हवेतील प्राणवायूही घेऊ शकतो. रोहू-कटल्याला ते जमत नाही.

अशा वेळी खाऊ घालणे म्हणजे संकटात भर टाकणे होय. कारण अन्न पचवायलाही माशाला जास्त प्राणवायू लागतो. मग काय करावे ? खाद्य व शेणखत लगेच बंद करावे. जवळ विहीर असेल, तर पंपाने ताजे पाणी उंचावरून बोडीत सोडावे. पंप बोडीतलेच पाणी उचलून फवाऱ्यासारखे परत टाकू शकतो. काहीच साधन नसेल, तर बांबूने किंवा हातांनी पाणी जोरजोरात खळबळावे. हवा पाण्यात मिसळते आणि माशांना दिलासा मिळतो.

त्या पहाटे तुम्ही, अब्बा आणि काका असे तिघे कमरेएवढ्या पाण्यात उतरून पाणी खळबळता. विहिरीवरचा पंप सुरू होतो. ऊन वर येईपर्यंत तुमचा जीव टांगणीला लागलेला असतो. हळूहळू मासे खाली जाऊ लागतात. घमेल्यातली ढेप तशीच कोरडी राहते. त्या दिवशी न दिलेल्या त्या ढेपेनेच बोडी वाचवली, असे म्हणायला हरकत नाही. पाणी आणखी आटण्याआधी मासे विकून टाकावेत, असे त्याच दिवशी ठरते.

एक तापमापी, एक वही

काकांना पाण्यात हात घालून ऊब कळते. हे ज्ञान त्यांनी आयुष्यभर पाण्याजवळ राहून मिळवले आहे. ते पुस्तकात सहज सापडत नाही. तुम्ही शाळेत शिकता. तुम्ही त्या ज्ञानाला मोजमापाची जोड देऊ शकता. शाळेच्या प्रयोगशाळेत असते तशी साधी तापमापी घ्यावी. ताप मोजण्याची, डॉक्टरांकडची तापमापी येथे चालत नाही, कारण ती साधारण ३५ अंशांच्या खालचे तापमान दाखवत नाही. तापमापी दोरीला बांधून हातभर खोल पाण्यात सोडावी. पहाटे एकदा आणि दुपारी एकदा आकडा पाहावा. वहीत तारीख, पाण्याचे तापमान, दिलेले खाद्य आणि टोपलीत उरलेले खाद्य असे चार रकाने आखावेत.

महिनाभरात ती वही बोलू लागेल. पाणी किती अंशांवर गेले की टोपली भरलेली राहते, किती अंशांवर ती रिकामी होते, हे तुम्हांला तुमच्याच आकड्यांवरून कळेल. या विषयात ज्यांना पुढे शिकायचे आहे, त्यांच्यासाठी मुंबईत १९६१ साली स्थापन झालेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. पण या शिक्षणाची सुरुवात आपल्या गावच्या बोडीच्या पाळीवरूनही करता येते.

आपल्या माणसाला पोटभर खाऊ घालावे, असे आपल्याला वाटते. जनावराच्या बाबतीतही तसेच वाटते. ही भावना चांगलीच आहे. परंतु भूक नसताना पुढे केलेला घास उपयोगाचा नसतो. म्हणून मासे पाळणाऱ्याने आधी पाण्याला विचारावे आणि मगच टोपलीत हात घालावा.

शब्दार्थ

बोडी – लहान तलाव
पाळ – तलावाचा मातीचा बांध
धान – साळ, तांदळाचे पीक
ढेप – तेलबियांतून तेल काढल्यावर उरणारा चोथा, पेंड
कोंडा – तांदूळ सडताना निघणारा भुसा
बोटुकली – बोटाएवढे माशाचे पिल्लू
विरजण – दही लावण्यासाठी दुधात घालायचे थोडे दही किंवा ताक
जठर – अन्न साठवणारी पोटातील पिशवी
प्राणवायू – ऑक्सिजन
तापमापी – तापमान मोजण्याचे साधन
दिलासा – धीर, आराम

वाक्प्रचार

चिंतेत पडणे – काळजी वाटणे
हातची जाणे – मिळालेली गोष्ट गमावणे
जीव टांगणीला लागणे – फार काळजी वाटणे

स्वाध्याय

प्र. १. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) मालगुजारी तलाव बांधण्यात कोणता समाज कुशल होता ?
(२) 'राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन' केव्हा पाळला जातो ?
(३) रोहू, कटला व मृगळ यांच्या वाढीला किती तापमानाचे पाणी उत्तम असते ?
(४) पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी केव्हा असतो ?

प्र. २. कारणे लिहा.
(१) थंडीत आपल्याला भूक जास्त लागते, पण माशाची भूक कमी होते.
(२) एकाच बोडीत कटला, रोहू व मृगळ एकत्र वाढवता येतात.
(३) माशांचे दिवसाचे खाद्य विभागून द्यावे.
(४) पहाटे मासे पाण्यावर येऊन तोंडे उघडू लागले, तर त्यांना खाऊ घालू नये.

प्र. ३. कोण कोणास म्हणाले, ते लिहा.
(१) "भूक पाणी देते."
(२) "मासे आजारी पडले की काय ?"
(३) "ते खाऊ मागत नाहीत. श्वास मागत आहेत."

प्र. ४. हिशेब करा.
एका बोडीत ६०० मासे आहेत. प्रत्येकाचे सरासरी वजन २५० ग्रॅम आहे. पाणी उबदार असताना २ टक्के दराने त्यांना रोज किती खाद्य लागेल ? थंडीत ते निम्मे केले, तर ३० दिवसांत किती खाद्य वाचेल ?

प्र. ५. विरुद्धार्थी शब्द लिहा.
उथळ, थंड, आखूड, फायदा, स्वस्त

प्र. ६. बाजार, हवा, नुकसान, फायदा, हिशेब हे शब्द मराठीत व उर्दूत दोन्हीकडे आढळतात. पाठातून असे आणखी तीन शब्द शोधा व त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम : तुमच्या गावातील तलाव, बोडी किंवा शाळेतील पाण्याची टाकी निवडा. मोठ्या माणसांना बरोबर घेऊन आठवडाभर सकाळी व दुपारी तेथील पाण्याचे तापमान मोजा. हवेचे तापमानही मोजा. दोन्हींपैकी कोणते जलद बदलते, ते वर्गात सांगा.